काळजी टिकते ती सारखी खात्री करून घेण्यामुळे

ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वय 46, घर सांगलीत गावभागात. 2019 च्या पुरात घरात पाणी शिरलं, नंतर हळूहळू सगळं सावरलं. गेली दोन वर्षं मात्र कशाचीही काळजी लागते. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, बाइकवरून जातो-येतो, त्याने फोन उचलला नाही की तुमच्या पोटात गोळा येतो. यजमानांना शुगर आहे, त्याचा घोर. पावसाळा लागला की कोयनेतून किती विसर्ग सोडला हे बघण्यात रात्र जाते. छातीत धडधडतं म्हणून ईसीजी आणि टूडी इको झाला, दोन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन घेऊ नका.’ घरचे म्हणतात, ‘तू फार विचार करतेस.’ तुम्ही विचारलंय की हा आजार आहे का, गोळ्यांशिवाय जाईल का, आणि हे विचार थांबवायचे कसे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. विचार थांबवायच्या मागे लागू नका. ‘हा विचार नको’ म्हणून ढकलायला गेलं की तोच विचार जास्त जोराने येतो, याचा अनुभव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असेल. थांबवता येतं ते विचार आल्यावर आपण जे करतो ते. तुमच्या पत्रातल्या बहुतेक त्रासाचं मूळ मला तिथे दिसतं, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावरच देणार आहे.

पण आधी धडधडीबद्दल. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे धडधड खोटी, असं कुणी म्हणत असेल तर मनावर घेऊ नका. धोका आहे असं मेंदूला वाटलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन सुटतं. हृदय जोरात चालतं, श्वास भरभर होतो, मान-खांदे आखडतात, पोटाचं काम मंदावतं. ही सगळी तयारी पळून जाण्याची किंवा दोन हात करण्याची. तुम्ही मात्र स्वयंपाकघरात उभ्या असता, पळायचं कुठे? वर भरभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर वाटतात, गरगरतं. ते जाणवलं की ‘हार्टचंच आहे’ असं वाटतं आणि त्या भीतीने धडधड आणखी वाढते. त्रास होतो, पण त्यातून हृदय बंद पडत नाही.

तपासण्या मात्र एकदा नीट व्हाव्यात. थायरॉइड वाढलं असेल किंवा हिमोग्लोबिन उतरलं असेल तर अशीच धडधड होते. तुमच्या वयात पाळी मागेपुढे व्हायला लागते, अंगातून वाफा येतात, झोप मोडते, त्यातूनही ही अस्वस्थता वाढू शकते. हे डॉक्टरांना आपणहून सांगा, बायका बहुधा सांगत नाहीत. दम्याचा पंप किंवा सर्दीच्या काही गोळ्यांनीही हात थरथरतात. हे सगळं एकदा बघून झालं की पुन्हा पुन्हा ईसीजी नको. अर्थात दुखण्याचा प्रकार बदलला, चालताना किंवा जिना चढताना छाती दाबल्यासारखी झाली, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, दरदरून घाम आला, तर कुणाचं काही न ऐकता लगेच दवाखाना गाठायचा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही जुलैतल्या एका रात्रीचं वर्णन लिहिलंय ते मी दोनदा वाचलं. अकरा वाजता अंथरुणाला पाठ टेकली. पावसाचा आवाज. फोन उशाखालीच. गल्लीच्या ग्रुपवर कृष्णेच्या पातळीचा आकडा आला होता, आयर्विन पुलाजवळ 31 फूट. जिवाला बरं वाटलं. पाचच मिनिटांत मनात आलं, ‘हा आकडा तर नऊ वाजताचा.’ मग दुसरा ग्रुप. तिथे कुणीतरी कोयनेच्या दरवाजांचा व्हिडिओ टाकला होता, तो यंदाचा की जुना हे कळेना. मग कराडच्या बहिणीला फोन, ‘तिकडे पाऊस आहे का गं?’ ती झोपेतून उठून म्हणाली, ‘रिपरिप आहे, झोप तू.’ पुन्हा बरं वाटलं. मग यजमानांना हलवून, ‘काही होणार नाही ना?’ ते म्हणाले, ‘नाही होणार.’ दोन वाजता तुम्ही गच्चीतून नदीच्या दिशेला बघत उभ्या.

या रात्रीत तुम्हाला निदान तीन वेळा बरं वाटलं, आणि तिन्ही वेळा ते टिकलं नाही. डास चावलेली जागा खाजवली की क्षणभर सुख आणि मग दुप्पट खाज, तसं हे आहे. फोन बघितला, भीती उतरली. मेंदूने धडा घेतला की ‘फोन बघितला म्हणून वाचलो.’ न बघता झोपलो असतो तरी सकाळ उजाडलीच असती, हे शिकायची संधी त्याला कधी मिळालीच नाही. म्हणून पुढच्या वेळी तो आणखी लवकर आणि आणखी जोरात फोनकडे ढकलतो. सारखं बघणं, सारखं विचारणं, मुलाला सारखा फोन लावणं, यजमानांच्या बोटाला दिवसातून पाच वेळा सुई टोचणं ही सगळी एकाच जातीची कामं. करताना काळजीवर उपाय केल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात काळजीचं पोषण होतं.

तासगावकडचे द्राक्ष बागायतदार माझ्याकडे येतात, त्यांचंही असंच. फळछाटणीनंतर आभाळ आलं की मोबाइलमध्ये हवामानाची चार ॲप, चारही वेगळं सांगणारी, आणि माणूस रात्रभर चारही उघडून बसलेला. त्यांची काळजी खोटी नसते. ऐन फुलोऱ्यात पाऊस लागला तर डाउनी आणि घडकूज हे रोग वर्षाचं पीक नेतात, वर सोसायटीचं कर्ज असतंच. पण चौथं ॲप बघून ढग हलत नाहीत. फवारणीचा निर्णय एका अंदाजावर घ्यायचा आणि बाकीची तीन ॲप काढून टाकायची, एवढं ज्यांनी केलं त्यांची झोप सुधारलेली मी पाहिली आहे.

तुमच्या पुराच्या भीतीला मी मनाचे खेळ म्हणणार नाही. 2005, 2019, 2021; सांगलीने हे सगळं भोगलंय. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. त्या शहरातल्या नदीकाठच्या बाईने निर्धास्त राहावं असं सांगणारा डॉक्टर तुम्हाला पटणारही नाही आणि पटूही नये. पण ज्या काळजीतून काही काम निघतं ती वेगळी आणि जी नुसती फिरत राहते ती वेगळी. पहिलीचं काम एका दुपारी उरकता येतं.

आयर्विन पुलाजवळची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट हे तुम्हाला तोंडपाठ असेलच. आपल्या गल्लीत किती फुटांना पाणी येतं हे गल्लीतली जुनी माणसं अचूक सांगतात. तो आकडा घ्या. त्याच्या बराच अलीकडचा एक आकडा ठरवा, ज्याला आपण हलायचं. यजमानांसोबत बसून एका कागदावर लिहून काढा: कुठल्या फुटाला कागदपत्रांची पिशवी आणि शुगरची औषधं बाहेर काढायची, कुठल्या फुटाला फ्रिज आणि मिक्सर माळ्यावर, सिलिंडरचं काय, आणि कुठल्या फुटाला घराला कुलूप लावून विश्रामबागेकडे किंवा कुपवाडला नातेवाइकांकडे जायचं. त्यांच्याशी आजच बोलून ठेवा. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मग ठरवा की त्या आकड्याच्या खाली पाणी असेपर्यंत पातळी दिवसातून दोनदाच बघायची, सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला, आणि तीही प्रशासनाच्या अधिकृत माहितीतूनच. कोयनेतून सोडलेलं पाणी कराडवरून सांगलीला यायला बरेच तास लागतात. दर पंधरा मिनिटांनी बघून तुम्हाला एक मिनिटही जास्तीचं मिळत नाही. पाणी ठरलेल्या आकड्याला आलं की मात्र चर्चा बंद आणि कागदावर लिहिलंय ते करायला घ्यायचं.

एक गोष्ट इथेच विचारतो. चिखलाचा वास आला, बोटीचा आवाज ऐकला की 2019 चे ते दिवस आत्ता घडताहेत असं वाटतं का? त्याची स्वप्नं पडतात का? नदीकडचा रस्ता तुम्ही टाळता का? तसं असेल तर ते नुसत्या काळजीपेक्षा वेगळं आहे. आघातानंतरच्या त्या त्रासाला वेगळे उपचार लागतात आणि ते चांगले लागू पडतात, पण वाचून घरी करण्यासारखे नाहीत. त्यासाठी प्रत्यक्ष या.

मुलाचं जरा अवघड आहे, कारण इथे कागदावर लिहिण्यासारखं काही नाही. एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवतो, त्यात धोका आहे आणि तो तुमच्या हातात नाही. हेल्मेट घे, एवढं एकदा सांगून झालं. त्याच्याशी बोलून ठरवा: रात्री नऊला एक फोन, सकाळी ऑफिसला पोचल्यावर एक मेसेज. मधल्या वेळात फोन लावायचा नाही. तो रस्त्यात कुठे आहे हे मोबाइलवर बघत राहायची सोय असेल तर बंद करा. पहिल्या दिवशी दुपारी तीनला हात शिवशिवतील. छाती भरून येईल, ‘आत्ताच काहीतरी झालं असेल’ असं अगदी खरं वाटेल. त्या वेळी फोन न लावता हातातलं काम चालू ठेवायचं. ज्वारी निवडत असाल तर ज्वारी निवडायची. भीती वाढेल, टोकाला जाईल आणि बहुतेकदा अर्ध्या-पाऊण तासात आपली आपण ओसरायला लागेल. हे ओसरणं बघणं म्हणजेच उपचार. पहिले काही दिवस त्रास वाढतो, त्यामुळे बरीच माणसं तिसऱ्या-चौथ्या दिवशीच सोडतात. एकदम सगळं बंद होत नसेल तर आठ फोनांवरून पाच, पाचावरून तीन असं या. पायऱ्या उतरून आलेलं टिकतं.

उरलेल्या काळज्यांसाठी वही करा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक यांनी 1980 च्या दशकात ही पद्धत अभ्यासून मांडली आणि आजही ती आम्ही रोज वापरतो. संध्याकाळी साडेपाच ते सहा ही काळजीची वेळ ठरवायची. दिवसभरात विचार आला की वहीत एक ओळ लिहायची आणि ‘साडेपाचला बघू’ म्हणून पुढचं काम घ्यायचं. साडेपाचला एका जागी बसून, देवघर आणि अंथरूण सोडून, ती पानं काढायची. एक नोंद अशी असू शकते: ‘सकाळी 10.20. ह्यांची शुगर आज 180. किडनी जाईल.’ संध्याकाळी त्यासमोर लिहायचं की यात आज माझ्या हातात काय आहे. उत्तर असेल, ‘शनिवारी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली.’ बाकी वाक्य तसंच सोडायचं, खोडायचं नाही, वाद घालायचा नाही. सकाळी डोंगराएवढी वाटलेली बरीचशी वाक्यं साडेपाचला वाचताना फिकी वाटतात. सहा वाजले की वही बंद, काही राहिलं तर उद्या.

महिन्याने पानं मागे उलटा आणि प्रत्यक्ष काय घडलं ते प्रत्येकासमोर लिहा. 2020 मध्ये अमेरिकेतल्या ल्यूकस लाफ्रेनियर आणि मिशेल न्यूमन या संशोधकांनी अति काळजीचा आजार असलेल्या लोकांकडून अशाच नोंदी करून घेतल्या होत्या; सुमारे 91 टक्के काळज्या खऱ्या झाल्याच नाहीत. पण त्या आकड्यापेक्षा तुमच्या स्वतःच्या अक्षरातली वही तुम्हाला जास्त पटेल. मन चिंती ते वैरी न चिंती हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण तारीखवार लिहिलेलं समोर दिसतं तेव्हाच ते गळी उतरतं.

घरच्यांसाठी चार ओळी, हे त्यांना वाचून दाखवा. ‘फार विचार करू नकोस’ म्हणून कुणाचेही विचार कमी झालेले नाहीत, उलट माणूस बोलायचं थांबतो. आणि ‘काही होणार नाही’ हे दहादा सांगणं प्रेमाचं असलं तरी ते खाजवणंच आहे. यजमानांनी एवढंच म्हणावं: ‘तुला आत्ता भीती वाटतेय ते दिसतंय मला. याचं उत्तर आपण द्यायचं नाही असं ठरलंय ना? चल, चक्कर मारून येऊ.’ हे रागाने म्हटलं तर उपयोग नाही. दोघांनी आधी शांतपणे ठरवलेलं असलं पाहिजे, म्हणजे त्या क्षणी तुम्हाला झिडकारल्यासारखं वाटणार नाही.

श्वासाचं सगळेच सांगतात, म्हणून थोडक्यात. श्वास मोठा घेऊ नका, सावकाश सोडा. नाकाने चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, त्रास नसतानाही. धडधड सुरू झाली की ती घालवण्यासाठीच हा श्वास वापरायला लागलात तर तोही एक फोनच होतो. रोज अर्धा तास भराभर चालणं मात्र खूप उपयोगाचं आहे, ते सोडू नका. चहा दिवसाला सहा कप लिहिलात; दुपारी दोननंतरचा बंद करा, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला.

नामस्मरणाचं विचारलंत. मी ते सोडायला सांगणार नाही. गणपतीच्या देवळात बसून मन निवतं, अनेकांचा तो मोठा आधार आहे. फक्त एक बघा: माळ झाली की मन मोकळं होतं का? की ‘आज एक माळ कमी झाली, आता पोराला काही होईल’ असं वाटतं आणि संख्या वाढवावी लागते? पहिलं असेल तर निवांत चालू ठेवा. दुसरं असेल तर त्या माळेतही खात्री शिरली आहे आणि तेही वहीत लिहायला हवं.

हा आजार आहे का? काळजी सगळ्यांनाच असते. बहुतेक दिवस, सहा महिने किंवा जास्त, वेगवेगळ्या गोष्टींची आवरता न येणारी काळजी असेल, सोबत अस्वस्थता, थकवा, चिडचिड, अंग आखडणं, लक्ष न लागणं, झोप बिघडणं यांतली तीन तरी लक्षणं असतील आणि रोजच्या कामावर परिणाम होत असेल, तर त्याला आम्ही आजार म्हणतो. तुमचं वर्णन त्याच्या बरंच जवळ जातं, पण पत्रावरून निदान करणं बरोबर नाही. आजार ठरला तर घाबरू नका. वर सांगितलं तेच काम समुपदेशकासोबत आठवड्याला एकदा बसून केलं, तर बऱ्याच जणांना गोळीशिवाय गुण येतो.

गोळी लागलीच तर दोन प्रकार वेगळे ओळखा. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन या गटातल्या गोळ्यांची सवय लागून डोस वाढवत जावा लागत नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. सुरुवातीचे काही दिवस मळमळ होते किंवा अस्वस्थता थोडी वाढते, तेव्हा सोडू नये. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या. दुसरा प्रकार अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचा. अर्ध्या तासात शांत वाटतं, म्हणून शेजारीण ‘माझ्यातली अर्धी घे’ म्हणते. यांची सवय लागते. मोजक्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच त्या घ्यायच्या. कुणी आधीपासून वर्षानुवर्षं घेत असेल तर एकदम बंद करणं धोक्याचं, तेही डॉक्टरांकडूनच टप्प्याटप्प्याने.

जेवण तुटलं, सलग रात्री जागून निघाल्या, घराबाहेर पडणं बंद झालं, दारूचा आधार घ्यावासा वाटला, तर वाट बघू नका. जगणं नको असा विचार एकदाही डोकावला तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि 14416 वर फोन करा. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. खासगीत परवडत नसेल तर सांगलीचं सिव्हिल आहे, मिरजेचं शासकीय रुग्णालय आहे. तिथे केसपेपर काढून मानसोपचार विभाग विचारायचा.

पहिल्या भेटीला यजमानांना सोबत घ्या. जुने रिपोर्ट, दोघांच्या चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि जमल्यास दोन आठवड्यांची भरलेली वही पिशवीत टाका. अक्षर, शुद्धलेखन कसंही असो.